सरकारी रान, कुत्रा नाही आणि फेझंट

आधीच सांगून टाकतो, फेझंट नावाच्या पक्ष्याच्या शिकारीच्या पहिल्या सीझनला मी अकरा वेळा रानात गेलो, किती मैल चाललो ते मनगटावरच्या घड्याळाने मोजलंय पण तो आकडा बायकोला सांगितलेला नाही, आणि घरी आणला एक कोंबडा. एक. त्यामुळे हे वाचून कोणाला वाटलं की मी आता मोठा शिकारी झालोय तर तसं काहीही नाहीये. पण सुरुवात करताना मला जे कोणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं पण माझ्या डोक्यात शिरलं नाही, ते लिहून ठेवावं म्हटलं.

मी आयोवात राहतो, डे मॉइनच्या जवळ, इन्शुरन्सवाल्यांच्या गावात आपण जे करतो तेच करतो म्हणजे आयटी. मूळचा कणकवलीकडचा. आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, वानर आणि डुक्कर बागेत शिरले की उडवायला. निवडणूक लागली की ती बंदूक पोलीस स्टेशनला जमा करायची, परत आणायची, ह्या दोन फेऱ्या हाच तिचा मुख्य वापर होता असं बाबा म्हणायचे. मी ती एकदाच हातात धरली, तेव्हा सातवीत होतो आणि ती माझ्यापेक्षा उंच होती. म्हणजे शिकारीचं वगैरे काही घराण्यात नव्हतं. आणि आपल्याकडे वन्यजीव कायद्याने शिकार बंदच आहे आणि ती बंदच असावी, ह्याबाबत माझं मत आजही तेच आहे. रानकोंबडा पहाटे मागच्या डोंगरात ओरडायचा तो ऐकायलाच बरा.

मग इथे येऊन हे कुठून सुचलं? शेजारचे काका. इथे सत्तरीच्या माणसालासुद्धा पहिल्या नावाने हाक मारतात, माझ्या तोंडून ते निघत नाही, तोंडावर कसंबसं नाव घेतो आणि मनात काकाच म्हणतो. निवृत्त शेतकरी, जन्मभर मका आणि सोयाबीन. त्यांचा कुत्रा दोन वर्षांपूर्वी गेला, गुडघा बदललाय, त्यामुळे ते स्वतः आता रानात जात नाहीत. एकदा फ्रीझरमधला जुना फेझंट त्यांनी दिला, मी त्याचा रस्सा करून परत त्यांनाच डबा दिला, आणि तो डबा धुवून परत आला त्यात एक शेपटीचं पीस होतं, हातभर लांब, तपकिरी, त्यावर काळे पट्टे. तिथून सुरू झालं सगळं.

फेझंट म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मोर, रानकोंबडा, तित्तर ह्यांच्याच खानदानातला पक्षी. नर एकदम राजबिंडा, मान हिरवी-निळी चमकणारी, गळ्यात पांढरा कंठा, डोळ्याभोवती लाल, अंग तांब्याच्या भांड्यासारखं. मादी मातकट, गवतात बसली की पायाखाली आली तरी दिसत नाही. मारायचा फक्त नर, मादीला हात लावायचा नाही, दिवसाला जास्तीत जास्त तीन. आणि गंमत म्हणजे हा पक्षी अमेरिकेचा नाहीच, चीनचा. १८८१ मधे शांघायमधल्या अमेरिकन वकिलाने (कोर्टातला नाही, राजदूत टाईप) जहाजात घालून ओरेगॉनला पाठवले. आयोवात तर ते चक्क अपघाताने सुटले, १९००-०१ च्या सुमारास सीडर फॉल्सजवळ वादळात एकाची खुराडी मोडली आणि दोनेक हजार पक्षी पळाले. ना व्हिसा ना लॉटरी. मी ग्रीन कार्डसाठी किती वर्षं थांबलो ते काकांना सांगितल्यावर ते म्हणाले, तू पण वादळात यायला हवं होतंस.

व्हिसाचा विषय निघालाच आहे तर हे नीट वाचा. एच-१बी सारख्या व्हिसावर असताना बंदूक जवळ बाळगणं फेडरल कायद्याने मना आहे, त्याला एक अपवाद आहे की तुमच्याकडे वैध हंटिंग लायसन्स असेल तर चालतं. अपवाद खरा आहे, कायद्यात लिहिलेला आहे, पण मी एच-१बीवर होतो तेव्हा ह्या अपवादाच्या भरवशावर दुकानात जायची माझी छाती झाली नाही, आणि माझ्या ओळखीतल्या एकाचीही झालेली नाही. कार्ड आल्यावर मगच गेलो. ज्याला त्याआधी करायचंय त्याने इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन विचारा, माझ्यासारख्याचं वाचून नको.

पहिली पायरी हंटर एज्युकेशनचा कोर्स. आयोवात १ जानेवारी १९७२ नंतर जन्मलेल्याला तो केल्याशिवाय लायसन्स मिळत नाही, अठराच्या पुढच्याला सगळा ऑनलाईन करता येतो. मला वाटलं ऑफिसच्या कम्प्लायन्स ट्रेनिंगसारखं नेक्स्ट नेक्स्ट करून संपवू, पण खरंच बरा असतो. कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी करायची, आधी ती तारेखालून पलीकडे ठेवायची, मग आपण दुसऱ्या जागेवरून जायचं. नळीचं तोंड कोणाकडे आहे ह्याचं भान एक सेकंदही सोडायचं नाही. पक्ष्याच्या खाली आकाश दिसलं तरच बार काढायचा, कारण खाली उडणाऱ्या पक्ष्याच्या मागे कोणाचा तरी कुत्रा असतो किंवा कोणाचं तरी डोकं. हे शेवटचं मला पुढे दोनदा कामाला आलं. मग लायसन्स, त्याच्यावर हॅबिटॅट फी वेगळी.

ह्या पैशाचं काय होतं हे मला आधी माहीत नव्हतं. लायसन्स आणि हॅबिटॅट फीचा पैसा रानासाठी, आणि शिवाय लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे तो १९३७ च्या एका फेडरल कायद्याने राज्यांना वाटला जातो, त्यातून वन्यजीवांची कामं होतात, जागा विकत घेतल्या जातात. म्हणजे ज्या गवतात मी दिवसभर रिकामा फिरत होतो त्याचे पैसे माझ्यासारख्या रिकाम्या हाताने परत जाणाऱ्यांनीच भरलेत.

बंदूक घेतली सेकंडहँड, रेमिंग्टन ८७०, १२ गेज (हे नळीचं माप), पंपवाली, म्हणजे दर बारानंतर पुढची मूठ मागे-पुढे ओढायची. काउंटरवर तो ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, उंची वजन जन्म कुठला, ग्रीन कार्डवाल्याने ए-नंबर (कार्डावरचा नंबर) लिहायचा, मग ते बॅकग्राउंड चेक लावतात. माझं लगेच आलं नाही, ‘डिलेड’ आलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला होतं असं, फोन करतो. पण आपल्याला कशाची सवय, डिलेड शब्द वाचला की पोटात गोळा, मी तीन दिवस झोपलो नाही, बायको म्हणाली एवढी काळजी पोराच्या शाळेची केली असतीस तर. चौथ्या दिवशी फोन आला, घेऊन जा म्हणून.

मग ट्रॅप रेंज. मातीच्या केशरी तबकड्या मशीन फेकतं, पाच जागांवरून पाच-पाच, एकूण पंचवीस. पहिल्या फेरीत मी फोडल्या चार. दुसऱ्या फेरीत तीन. माझ्या शेजारी एक नववी-दहावीतली मुलगी होती तिने तेवीस फोडल्या आणि मला म्हणाली गुड ट्राय. रेंजवरच्या एका म्हाताऱ्याने मला एक हात लांब करून, अंगठा भिंतीवरच्या घड्याळावर धरायला सांगितलं, मग एक डोळा मिटा, मग दुसरा. उजवा उघडा ठेवला तर अंगठा बाजूला सरकायचा, डावा उघडा ठेवला तर जागेवर. म्हणजे मी उजव्या हाताचा आणि डाव्या डोळ्याचा. पस्तीस वर्षं पार झाली आणि हे मला माहीतच नव्हतं! त्यांनी खिशातून चिकटपट्टी काढली, माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर बुबुळासमोर येईल असा नखाएवढा तुकडा लावला. पुढच्या फेरीत अकरा. तो तुकडा अजून त्या चष्म्यावर आहे, कडेने पिवळा पडलाय. आणखी एक त्यांनी सांगितलं, नेम धरू नकोस, बोट दाखवतोस तसं दाखव, आणि चाप ओढल्यावर बंदूक थांबवू नकोस, फिरवत राहा. माझी बंदूक चाप ओढला की थांबायची, बॅडमिंटनमधे शटल मारून रॅकेट तिथेच धरून ठेवणारे असतात ना तसं.

आता जागा. आयोवात जमीन जवळजवळ सगळी खाजगी, सरकारी म्हणाल तर जेमतेम दोन-तीन टक्के, त्यात जंगलं, तळी, पार्क सगळं आलं. ओळखीचा शेतकरी असेल तर त्याला विचारून त्याच्या रानात जाता येतं, आपल्याला कोण ओळखतंय. काकांची जमीन त्यांच्या मुलांनी भाड्याने दिलीये आणि तिथे आता बांधापासून बांधापर्यंत मकाच आहे, गवताची काडी नाही, मग पक्षी कुठे राहणार. त्यामुळे सरकारी रान. डीएनआर, म्हणजे राज्याचं निसर्ग-वन्यजीव बघणारं खातं, त्यांच्या साईटवर हंटिंग अ‍ॅटलास म्हणून नकाशा आहे, त्यात शिकारीला मोकळ्या असलेल्या सगळ्या जागा दिसतात, शिवाय काही शेतकरी सरकारकडून मदत घेऊन आपली जमीन चालत येणाऱ्या शिकाऱ्यांना मोकळी ठेवतात त्याही. मी आठवडाभर रात्री तो नकाशा झूम करत बसायचो. स्टोरी काउंटीमधली हेन्ड्रिकसन मार्श आणि ग्रीन काउंटीतली डनबार स्लू ह्या दोन पाणथळ रानांच्या नावांवर बोट ठेवलं, दोन्ही घरापासून तास-सव्वा तासाच्या आत.

काडतुसांची एक भानगड इथेच सांगतो. मी शिशाच्या छर्‍यांचे चार डबे घेऊन आलो, स्वस्त होते. काकांनी डबा बघितला आणि विचारलं कुठे जाणार आहेस, मार्श? मग हे परत कर. काही सरकारी जागांवर, विशेषतः पाणथळ असतील तर, शिसं चालत नाही, बदकं ते छर्रे दाणे समजून गिळतात आणि मरतात, तिथे स्टील लागतं. प्रत्येक जागेचा नियम आधी वाचून जायचा. काडतुसं दुकानं परत घेत नाहीत हेही त्याच दिवशी कळलं. ते चार डबे मी ट्रॅपवर संपवतोय.

सीझन ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी सुरू होतो, सकाळी आठ ते दुपारी साडेचार एवढीच वेळ, दहा जानेवारीपर्यंत. पहिल्या दिवशी मी साडेसहाला पोचलो, अंधार, आणि पार्किंगमधे नऊ गाड्या! सगळ्या पिकअप, मागे पिंजऱ्यात कुत्रे, थर्मासमधली कॉफी, केशरी टोप्या (केशरी काहीतरी वरती घालायलाच लागतं, कायदा आहे), एकदम जत्रेला आल्यासारखं. माझी कोरोला एका कोपऱ्यात. लोक बरे होते, एकाने विचारलं कुत्रा कुठाय, मी म्हटलं नाहीये, तो म्हणाला ओह, आणि ते ओह फार लांब होतं.

आठ वाजले, चारी बाजूंनी बार ऐकू यायला लागले, आणि मी गवतात घुसलो. छातीएवढं गवत, स्विचग्रास आणि ब्लूस्टेम, आमच्याकडे भातकापणीनंतर उभं राहतं त्याच्यापेक्षा जाड आणि दाट, प्रत्येक पाऊल उचलून टाकायचं. मी सकाळी मॉर्निंग वॉकला चालतो तसा चाललो. सरळ रेषेत, झपाझप, एक टोक ते दुसरं टोक, मग परत. तीन तास. एक पक्षी उठला नाही. अकरा वाजता दमून थांबलो, बंदुकीची सेफ्टी बघितली, पाण्याची बाटली काढली, झाकण फिरवलं, आणि माझ्या मागून, मी दोन मिनिटांपूर्वी जिथून चालत आलो तिथून, पाच फुटांवरून, काय सांगू, प्रेशर कुकरचा व्हॉल्व्ह उडाल्यासारखं भर्रर्र करून काहीतरी वर गेलं आणि वर जाताजाता कर्कश्श ओरडायला लागलं कक्-कक्-कक्-कक्. मी खाली बसलो. अक्षरशः खाली बसलो, बाटली पँटवर सांडली. कोंबडा तोपर्यंत शंभर फूट पलीकडे, शेपटी हलवत, सोयाबीनच्या रिकाम्या शेतावरून आरामात.

संध्याकाळी काकांना सांगितलं तर ते हसले नाहीत, म्हणाले, अरे तू त्याच्या अंगावरून चालत गेलास. तो उडायला आळशी असतो, धावतो नाहीतर बसून राहतो. तू चालत असतोस तोपर्यंत त्याला माहीत असतं तू कुठे आहेस. तू थांबलास की त्याला वाटतं ह्याने मला बघितलं. त्याला भीती तुझ्या चालण्याची नाही, थांबण्याची आहे.

हे एक वाक्य मला अख्ख्या कोर्सपेक्षा जास्त उपयोगी पडलं. कुत्रा असेल तर वासाने काम करतो, कुत्रा नसेल तर थांबणं हाच तुमचा कुत्रा. वीस-पंचवीस पावलं चालायचं, तीही सरळ नाही, नागमोडी, मग थांबायचं, आणि थांबायचं म्हणजे पाच सेकंद नाही, चांगलं अर्धा-पाऊण मिनिट. हे बोलायला सोपं आहे, करून बघा. गवतात एकटं उभं राहिल्यावर दहा सेकंद संपत नाहीत. शेवटी मी उपाय काढला, मनात एकोणतीसचा पाढा. लहानपणी हा कधी नीट आला नाही, त्यामुळे घाई करताच येत नाही. एकोणतीस दाहे दोनशे नव्वद झालं की मगच पुढचं पाऊल. तेराचा घेतला तर फार लवकर संपतो.

दुसरं काकांनी टेबलावर मीठदाणी, चमचे आणि नॅपकिन मांडून समजावलं. नॅपकिन म्हणजे गवत, रात्री तिथे झोपतो. मीठदाणी म्हणजे मका, सकाळी तिथे खायला जातो. दुपारी मधेच कुठेतरी बांधावर, झुडपाच्या कडेला टाईमपास, आणि सूर्य कलला की परत खाणं, परत नॅपकिन. म्हणजे रान मोठं आहे म्हणून सगळं चालायचं नाही, जिथे गवत आणि मक्याचं शेत एकमेकांना चिकटलंय तिथे चालायचं. वाऱ्याच्या तोंडाने चालायचं, म्हणजे आपला आवाज मागे जातो. गाडीचं दार आपटायचं नाही. आणि गवताचं टोक, जिथे ते संपून नांगरलेली जमीन लागते, तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबायचं, कारण धावत आलेल्या पक्ष्याला तिथे पुढे लपायला जागा नसते, उडावंच लागतं. मी पहिल्या दिवशी टोक आलं की लगेच वळायचो! तेच काका म्हणाले की ऑगस्टमधे डीएनआरवाले पहाटे तीस मैलांच्या ठरलेल्या रस्त्यांवरून हळूहळू गाडी चालवत पक्षी मोजतात, दव जास्त पडलेलं असेल अशाच सकाळी, कारण गवत ओलं असलं की माद्या पिल्लांना घेऊन खडीच्या रस्त्यावर वाळायला येतात. हे १९६२ पासून चालू आहे. मला हे फार आवडलं, ओली पिल्लं रस्त्यावर उन्हात उभी आहेत आणि सरकारी माणूस गाडीतून वहीत आकडा टाकतोय.

नोव्हेंबरभर हे सगळं करत होतो, शनिवारी नाहीतर मग बुधवारी हाफ डे टाकून, कारण वीकडेला गर्दी नसते. फराळाचा डबा गाडीत असायचा, चकली खाऊन बंदूक हातात घेऊ नये, पंपाला तेल लागतं. पक्षी उठायला लागले. बहुतेक माद्या. पहिल्या पहिल्यांदा मादी उठली तरी बंदूक खांद्याला जायची आणि मग बोट थांबवायचं, नर ओरडतो, मादी बहुतेक गुपचूप उडते, पण त्या एका सेकंदात कानावर भरवसा ठेवायचा नाही, रंग आणि कंठा दिसल्याशिवाय सेफ्टी काढायची नाही. नर उठले ते मी चुकवले. सलग पाच. कारण असं की नजर शेपटीवर जाते, शेपटी अर्धा पक्षी आहे, आणि तुम्ही पक्ष्याच्या मधोमध मारलं असं तुम्हाला वाटतं ते प्रत्यक्षात शेपटीत असतं. काका म्हणाले पांढरा कंठा बघ, बाकी पक्षी नाहीच आहे असं समज.

सहावा लागला. पण तो मिळाला नाही, आणि हे लिहू की नको असं झालं होतं. थँक्सगिव्हिंगच्या आधीचा बुधवार, कोंबडा उठला, मी बार काढला, तो एका बाजूला कलंडला, एक पाय लोंबकळला आणि सत्तर-ऐंशी पावलांवर गवतात उतरला. उतरला, पडला नाही. मी काय केलं, तर पंप ओढला, रिकामं काडतूस कुठे पडलं ते बघायला खाली बघितलं. नजर काढली. परत वर बघितलं तर सगळं गवत सारखं. जिथे वाटलं तिथे टोपी अडकवली आणि तिच्याभोवती गोल गोल फिरत राहिलो, गवत हाताने फाकवून, गुडघ्यांवर. दोन पिसं मिळाली, एकावर रक्त. साडेचारला वेळ संपली, बंदूक रिकामी करून गाडीत ठेवून आलो आणि मोबाईलच्या टॉर्चवर परत शोधलं, सहा वाजेपर्यंत. नाही मिळाला. जखमी कोंबडा धावतो, बिळात शिरतो, कुत्र्याला पाच मिनिटात सापडला असता. घरी येऊन जेवलो नाही. आईला फोनवर सांगितलं नाही कारण ती काय म्हणेल ते मला माहीत होतं आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर दोन आठवडे गेलोच नाही. मग स्वतःला एक नियम घातला, तीस पावलांच्या पुढे बार काढायचा नाही, मग तो कितीही सोपा वाटू दे. आजही पाळतो.

डिसेंबरात बर्फ पडलं. मार्शमधलं पाणी गोठलं आणि मग पाणकणसात, म्हणजे दलदलीतल्या उंच लव्हाळ्यात, चालता यायला लागलं, ऑक्टोबरमधे तिथे कमरेएवढा चिखल होता. थंडीत सगळे पक्षी ह्या पाणकणसातच येऊन बसतात, वारा लागत नाही. शनिवार होता, दुपारचे साडेतीन, उणे आठ, गाड्या दोनच. बर्फावर पायांचे ठसे, तीन बोटं पुढे आणि मागे शेपटी घासल्याची रेघ, ताजे, कडा अजून तुटलेल्या नव्हत्या. ठशांच्या मागे मागे पन्नासेक पावलं गेलो, पाणकणसाचं टोक आलं, पुढे उघडा बर्फ आणि त्याच्यापलीकडे कापलेला मका. ठसे आत जात होते आणि बाहेर कुठेच येत नव्हते. थांबलो. एकोणतीस एके. कणसांवरचा कापूस वाऱ्याने उडून माझ्या चष्म्यावर चिकटत होता, काढायची हिंमत नाही. एकोणतीस पाचे. हाताची बोटं कळेनाशी झाली. एकोणतीस साते. आणि माझ्या उजवीकडे, अगदी जवळ, एक कणीस हललं, वारा थांबलेला असताना.

तो उठला तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो नाही. कंठा दिसला, खाली आकाश होतं, बंदूक फिरत राहिली. पडल्यावर मी तिकडून नजर काढलीच नाही, चालताना बर्फात दोनदा पडलो पण बघत राहिलो. उचलला तेव्हा गरम होता, हातमोज्यातून कळत होतं. त्या चमकणाऱ्या मानेवर बर्फाचे दोन-तीन कण बसले होते आणि वितळत होते. मी बराच वेळ तसाच उभा होतो. आनंद झाला होता का, झाला होता, पण फक्त तेवढाच नव्हता, आणि दुसरं जे काय होतं त्याला शब्द माझ्याकडे नाहीये.

गाडीपाशी साफ केला, काकांच्या व्हिडिओ कॉलवर. गळ्याखालची पिशवी फुगलेली होती, चिरली तर आत मक्याचे दाणे, अख्खे, पिवळेधमक, मोजले तर बासष्ट. नेताना एक पाय नाहीतर पिसांसकट पंख किंवा डोकं तसंच ठेवायला लागतं, नर आहे हे वॉर्डनला (शिकारीचे नियम तपासणारा सरकारी माणूस) दाखवता यावं म्हणून, मी पाय ठेवला. साफ करायच्या आधीच आईला फोटो पाठवला होता. तिचा फोन आला, तिकडे पहाटेचे साडेतीन वाजून गेलेले, झोप लागत नव्हती म्हणे. फोटो बघून म्हणाली, “अरे झिला, ह्यो तर मोरासारखो दिसता! पाप लागात रे.” मग थोडं थांबून, “वाटप कसला घालतलंस?”

वाटप लगेच घालता आलं नाही कारण मार्गशीर्ष चालू होता. बायकोने दारातच थांबवलं, शनिवार पण आहे आणि महिना पण, ते आत आणायचं नाही. अमावस्येपर्यंत कोंबडा गॅरेजमधल्या फ्रीझरमधे, काकांच्या भाषेत सांगायचं तर धार्मिक कारणांमुळे. जानेवारीत केला. फेझंटमधे चरबी नसते, ब्रॉयलरसारखा शिजवला तर छातीचा भाग लाकूड होतो, म्हणून छाती वेगळी काढून शेवटी दहा मिनिटंच घातली, आणि तंगड्यांमधे काड्यांसारख्या कडक शिरा असतात त्यासाठी तंगड्या आधी कुकरला सहा शिट्ट्या. भाजलेला कांदा-खोबरं, घरून आणलेला मालवणी मसाला. शिजवण्याआधी मांस बोटांनी चाचपून छर्रे काढायचे, जिथे छर्रा आत गेलाय तिथे बारीक पीस पण आत ओढलं गेलेलं असतं, चिमट्याने खेचायचं. पाच काढले. सहावा पोराच्या दाताखाली आला, टक् झालं, त्याने तो ताटाच्या कडेला ठेवला आणि आता तो त्याच्या शाळेच्या कंपासपेटीत आहे. बायकोने चव म्हणून एक तुकडा घेतला, मग दुसरा तुकडा चव म्हणून नाही.

दहा जानेवारी, शेवटचा दिवस, माझं लायसन्सही त्याच दिवशी संपत होतं. मी परत त्याच पाणकणसाच्या टोकाला. दोन तासात एक मादी. सव्वाचारला मी मधोमध उभा राहिलो, तीन पाढे म्हटले. काही नाही. साडेचार वाजले, बंदूक उघडली, काडतुसं काढून खिशात टाकली आणि गाडीकडे वळलो. चार पस्तीसला मक्याच्या शेताकडून पहिला आला, पंख न हलवता, तरंगत, माझ्या डोक्यावरून, आणि वीस पावलांवर पाणकणसात उतरला. मग दुसरा. मग तिघे एकदम, त्यातले दोन नर, सूर्य मावळायला अर्धा तास होता त्यामुळे पोटावरचा तांब्याचा रंग खालून स्पष्ट दिसत होता. चौदा मोजले. एक तर उतरून ओरडला पण. मी खिशात हात घालून, काडतुसं बोटांनी चाळवत, तिथेच उभा होतो, आणि पार्किंगमधे शेवटचा एक पिकअपवाला त्याच्या कुत्र्याला गाडीत चढवत होता, कुत्रा चढायला तयार नव्हता, तो पण पाणकणसाकडेच बघत होता.